आधी हाक

नाट्याच्या सड्यावर, टॉवरखालच्या खोलीत
मी रांगा लावते.
खाली बंदरात लिलाव; सुरमईचे व्हिडिओ
दोह्यापर्यंत जातात,
कुणाची हळद, कुणाची मॅच,
सगळं एकाच फायबरमध्ये,
ओहोटीला खाडीच्या तोंडाशी ट्रॉलर अडकावेत तसं.

आणि त्यांच्या मागे कुठेतरी
एक बारकं पाकीट.
त्याला चेहरा नाही, आवाज नाही.
एवढंच म्हणतं: येऊ का?
किंवा, आलो. किंवा, ठेवला.

काल झुलेखा सोलकर चढून वर आली.
"पोरगा बोलतो, रिंग केली. माझा फोन गप्प.
मग वाजला, उचलला, तर तो गेलेला."

मी तिला खिडकीतून खाडी दाखवली.
म्हटलं, पाणी किती आहे बघायला
इब्राहिमचाचांची होडी आधी सोडतात ना,
रिकामी?
"रिकामी कशी," ती म्हणाली, "त्यात चाचा असतो."

पहाटे नियम बदलला.
बारकी पाकिटं पहिल्या रांगेत.
सुरमई थांबेल, पापणी लवेपर्यंत.

सात वाजता
सड्याखालच्या पहिल्या घरात
एक रिंग वाजली.
दुसरी नाही.