पायाळूची आई

फाईल सापडली शेवटी.
कूलरच्या जुन्या मोटारीखाली,
गेल्या उन्हाळ्यातल्या वाळ्याच्या ताट्यांमागं,
एका कोपऱ्यावर उंदराचे दात.
मोहरील डॉक्टरीणबाईंना तीच हवी होती.
मागचा छेद आतून कसा घेतला
हे पोटावरून कळत नाही, म्हणाल्या,
कातडी एक सांगते, पिशवी दुसरंच सांगू शकते.

आडवा. खाली, आडवा.
गिचमिड अक्षरातला तो शब्द
मी गच्चीच्या जिन्यात उभी राहून तीनदा वाचला,
दहावीचा निकाल पाहावा तसा.

चार वर्षांपूर्वी मला कळ आलीच नव्हती.
पोरगी पाय खाली सोडून बसलेली आत,
तारीख ठरली, वेळ ठरली, सव्वाअकरा.
कमरेखाली मी नव्हतेच.
हिरव्या पडद्यापलीकडून कुणी म्हणालं, मुलगी,
आणि मी म्हटलं, कोणाची?

तेव्हापासून गोळीबार चौकात वाद आहे,
कापून काढलेली पोर पायाळू धरावी की नाही.
दमयंतीकाकू म्हणतात, पाय आधी निघाले नं, झालं तं मग.
कौतिकाबाई म्हणतात, दारातून आली तं पायाळू,
हे तं खिडकीतून आली बाप्पा.
वाद मिटत नाही.
पण कंबर धरली की दोघीही येतात,
पालथ्या पडतात ओसरीवर,
आणि कुहू गंभीर चेहऱ्यानं
त्यांच्या पाठीवर पाय ठेवते. फी एक पेपरमिंट.

या वेळी दारातून, असं मी ठरवलंय.
ठरवलंय म्हणजे, विचारलंय.
डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही काही.
शंभरातल्या साठ-सत्तर जणींचं होऊन जातं,
दोनशेत एखादीचा जुना सांधा उसवतो,
म्हणून घरी कळा काढत बसायचं नाही,
ऑपरेशनचं टेबल हाकेवर पाहिजे.
मी साठ-सत्तर ऐकलं.
हेमराजनं दोनशेतली एक ऐकली,
आणि रात्रभर तिच्या शेजारी झोपला.

आता नवतपा. पहाटे पाचला चालते,
सहाला रस्त्याची वाफ सुरू होते.
हेमराज रविवारी स्कूटरवर घड्याळ लावून निघाला,
अग्रसेन चौक, कॉटन मार्केट, धंतोली.
सतरा मिनिटं. भाजीचे ट्रक आडवे असले तर पंचवीस.
सोमवारी पुन्हा गेला. मंगळवारीही.
मी म्हटलं, अहो, बाळंत कोण होणार आहे?

मामंजींचा माग विकून बारा वर्षं झाली,
बोटं अजून हवेत सूत चाचपतात.
त्यांना विचारलं एकदा, धीर करून,
तुटलेला धागा सांधला की पुन्हा तिथंच तुटतो का?
बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, गाठ फणीतून जाताना हात हलका ठेवा लागते.
आणि लगेच, जरा रागानंच,
सुताचं सूत, बाईचं बाई. मले काय समजते त्यातलं.
डॉक्टरले इचार.

पिशवी भरून ठेवलीय दाराशी.
जुनी लुगडी, टोपडी, फाईल प्लास्टिकमध्ये.
तळाशी तो सैल नाडीचा परकर,
गेल्या वेळी टाक्यांना गाठ रुतू नये म्हणून शिवलेला.
काढला होता मी तो बाहेर.
दोनदा काढला.
तिसऱ्यांदा राहू दिला.
लागला तर लागला.

रात्री कंबर धरते. पालथं होता येत नाही,
कुशीवर वळते, कुहू मागून पाय लावते.
थंडगार असतो, कूलरसमोर लोळते म्हणून.
बाळाचे पाय कुठं आहेत गं?
वर.
डोकं खाली?
हो.
मग ते पायाळू नाही?
नाही.
बराच वेळ कूलरची घरघर.
मग त्याच्याकडं कुणीच येणार नाही पाठ घेऊन,
बिच्चारं, म्हणते,
आणि दुसराही पाय टेकवते.