पांढरी पाच

सुमित्राबाई काकतकर पांढरी पाचमध्ये गातात,
हे टिळकवाडीत फाटकाच्या अल्याड-पल्याड
सगळ्यांना पाठ आहे, रिक्षावाल्यांनासुद्धा.

अकरा वर्षांमागं, लांबलेल्या खोकल्यानंतर
त्या पहिल्यांदा बसल्या
तेव्हा मी काळी तीन धरली.
बोललो काहीच नाही.
पेटीवाल्यानं बोलायचं नसतं,
अर्धा श्वास मागून यायचं असतं.
गुरुलिंगप्पानं माझ्या बोटांकडं बघितलं,
पान खाऊन येतो म्हणून उठला
आणि शहापूरहून दुसरा तबला घेऊन आला.

मग पांढरी चार.
मग यंदाच्या संक्रांतीपासून पांढरी तीन.
तंबोऱ्याच्या यंत्राचं बटण मी फिरवायचो,
बाई पदरानं चष्मा पुसत असताना.
असा आमचा कट.
चोरी म्हणा, पण चोरलं काहीच नव्हतं,
जिना तेवढा एकेक पायरी खाली आणला होता.

काल त्यांच्या गुरूंची पुण्यतिथी.
ऐकायला सहाजण, त्यातले दोन जावई.
मुलतानी सुरू झाला. पहिलाच गंधार,
आणि बाई थांबल्या.

"दत्तोबा, काय वाजवूलास हे?"
"बाई, आज हवा जरा दमट हाय..."
"अकरा वर्षं दमटच हाय व्हय रे?
पांढरी पाच दे."

मी गुरुलिंगप्पाकडं पाहिलं.
त्यानं गुडघा धरत पिशवी ओढली,
जेवणाच्या डब्यानं जड वाटायची ती मला, इतकी वर्षं.
टॉवेलात गुंडाळलेला
लहान तोंडाचा तबला निघाला.
हातोडीचे दोन ठोके, आणि लागला.
म्हणजे रोज लावत होता.

बाई हसल्या नाहीत. डोळे मिटले.
पंचमापर्यंत गेल्या, जुन्या चालीनं.
निषादावर आवाज थबकला,
जिन्यात कठड्याला धरून माणूस थबकतो तसा.
वर फक्त षड्ज होता.
माझं बोट त्याच्यावरच होतं.
दाबलं असतं तर निभावलं असतं,
गर्दीत किती वेळा निभावलंय.
नाही दाबलं.

ठेका चालत राहिला. सम आली,
गुरुलिंगप्पानं ती नुसती तळव्यानं ठेवली,
झोपलेल्या पोरावर हात ठेवावा तशी.
बाईंचा हात वर गेला होता,
बोट एका जागेकडं,
छतापेक्षा थोडं खाली, पंख्याच्या डावीकडं.
आम्ही तिघांनी तिकडं बघितलं.
धाकट्या जावयानंसुद्धा.

मग त्या पाणी प्याल्या.
घोट गिळताना त्रास होतो हल्ली.

खाली रिक्षा थांबून राहिलेली.
फाटक पडायच्या आत निघायचं असतं त्याला.
संपलं का म्हणून त्यानं कानडीत हाक मारली,
"मुगीतेन्री अज्जी?"

बाईंनी तांब्या बाजूला सारला,
खिडकीकडं तोंडही न वळवता म्हणाल्या,
"इन्नू ऐत्यो, निंद्रू."
आणि मला, मराठीत,
"पुन्हा. तिथूनच."