अडतीस वर्षांचा देश

देश माझ्याहून चार वर्षांनी मोठा.
मालक दर जुलैत त्याचा वाढदिवस करायचा:
डुकराची मांडी, पीचची दारू, आणि पडवीत उभं राहून भाषण.
'स्वातंत्र्य' हा शब्द एका वर्षी मी मोजला.
अकरा वेळा.
मी तेव्हा बशा पुसत होते.

त्या उन्हाळ्यात चेसापीकच्या उपसागरात राजाची जहाजं आली.
आधी नुसत्या डोलकाठ्या दिसल्या,
पाइनच्या रानामागे दुसरं रान उगवावं तशा,
एकही पान नसलेल्या.
मिंगो कालवं काढायला जायचा, त्याने तोफा मोजल्या.
एका कुशीला सदतीस. दुसरी कूस धरून चालला.
आपल्या देशाकडे, मालक म्हणाला,
आणि 'आपल्या' म्हणताना आमच्याकडे बघितलं त्याने,
आपल्या देशाकडे चपट्या तळाच्या थोड्या बोटी होत्या,
त्याही खाडीच्या चिखलात तोंड खुपसून बसलेल्या.

कथलाचे चमचे वितळवून मी गोळ्या ओतल्या
त्याच चुलीवर, जिथे त्याची कॉफी उकळायची.
तो दारात उभा राहून सांगायचा,
इंग्रज तुम्हाला धरून नेतील,
साखरेच्या बेटांवर विकतील.
विकणं वाईट असतं
हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

एक कागद फिरत होता वस्तीत.
वाचता कुणालाच येत नव्हता, अर्थ सगळ्यांना पाठ.

ओहोटी मध्यरात्रीनंतर होती.
वल्ह्यांना मालकाचे शर्ट गुंडाळले,
सकाळीच इस्त्री केलेले.
फिलिसच्या तोंडावर माझा हात,
हाताला तिचा श्वास, गरम, ओला.
आई येईना.
म्हणाली, पहाटे चूल कोण पेटवेल?
धूर दिसला की त्याला वाटेल तू उठलीस.
धूर नाही दिसला तर कुत्री सोडेल.
मग तिने माझ्या डोक्याचा रुमाल सोडून
आपल्या डोक्याला बांधला,
आणि पाठ वळवली, जणू काही पाणीच आणायला निघाली.

जहाजावर ज्याने मला हात देऊन वर ओढलं
तो मार्बलहेडचा निघाला.
पाच वर्षांपूर्वी राजाच्या माणसांनी भर समुद्रात
त्याच्याच जहाजावरून उचललेला.
त्याच्यासारख्यांसाठीच तर ही लढाई, असं म्हणत सगळे.
तो हळूच म्हणाला, बाई, तू उलटी आलीस.
मी त्याच्या मनगटावरचा वळ बघितला.
त्याने माझ्या.
मग त्याला कुणीतरी हाक मारली.

मिंगोला लाल कोट मिळाला, काखेत घट्ट.
ऑगस्टमध्ये तो एकदा आमच्याच धक्क्यावर उतरला, मशाल घेऊन.
परत आल्यावर मी विचारलं, घर?
जळालं, म्हणाला.
आणि स्वयंपाकघर?
तो बुटाची नाडी सोडत बसला.
ती सुटलेलीच होती.

तह झाला.
कुणाचीच वीतभर जमीन हलली नाही, म्हणतात.
दोन्हीकडे घंटा वाजल्या.
आम्हाला हॅलिफॅक्सपलीकडे दहा एकर खडक मिळाला,
आणि असा हिवाळा की बादलीतलं पाणी रात्रीतून दगड होई.
मिंगो तिसऱ्या हिवाळ्यात गेला.
कोटाची बटणं मी काढून ठेवली आहेत,
फिलिसची पोरं त्यांनी खेळतात, सैन्य मांडतात,
कोण जिंकलं यावरून भांडतात.

तो देश आता पन्नाशी ओलांडून गेला असेल.
तिकडे पडवीत कुणीतरी भाषण करतच असेल.
मला इथे उजाडण्याआधी जाग येते.
लाकडं ओली असतात, फुंकून फुंकून डोळे भरतात,
फिलिस म्हणते, निजून राहा ना, कुणाला घाई आहे?
मी काही बोलत नाही.
बाहेर जाऊन बघते,
धुराड्यातून धूर निघाला का,
लांबून दिसतो का.