आखूड हात

पाद्री वर्षातून दोनदा येतात, समुद्रानं येऊ दिलं तर.
एरवी देवळाची किल्ली माझ्याकडे,
बटाट्याच्या पोत्यामागे, खिळ्याला.
चिलोएच्या या बेटावर सत्तावीस घरं,
सगळी लाकडाची. देऊळही.
एक खिळा नाही त्यात, असं आजोबा छाती फुगवून सांगायचे.
खिळे आहेत. मी मोजलेत. गंजलेत.

मागच्या उन्हाळ्यात लाँचमधून एक मुलगी आली,
सांतियागोची, वहीत उतरवून घेणारी.
म्हणाली, तुमच्या मते येशू कोण?
मी म्हटलं, देवाचा पुत्र.
ते छापलेलंच आहे, ती म्हणाली, तुमच्या मते?
मी चुलीत लाकूड सारलं.
ते ओलं होतं. धूर झाला. तिची लाँच सुटायची वेळ झाली.

आता सांगतो. तिला नाही, तुलाच.

तुझ्या मूर्तीच्या खांद्यांत बिजागऱ्या आहेत,
गुड फ्रायडेला तुला क्रुसावरून उतरवता यावं म्हणून.
डावा हात किड्यांनी पोखरला.
मी सायप्रसचा नवा कोरला,
तो दोन बोटं आखूड झाला.
एदुविना हसली. म्हणाली,
आता हा कायतरी ओढतोय असा दिसतो.

त्याच हिवाळ्यात रोसामेलनं माझ्या होडीचं इंजिन नेलं.
अख्ख्या बेटाला ठाऊक. तो बोलला नाही, मी विचारलं नाही.
मिस्सेत शेजाऱ्याला शांती द्यायची वेळ आली
की मला नेमक्या मेणबत्त्या नीट करायच्या असायच्या.

मग समुद्र त्याच्या उंबऱ्याशी आला.
घर हलवायचं म्हणजे मिंगा:
सगळ्यांनी यायचं, बैल आणायचे,
अख्खं घर ओंडक्यांवरून ओढत न्यायचं,
मजुरी नाही, फक्त जेवण.
पण ज्याचं घर, त्यानं दारोदार जाऊन विचारायचं, ही रीत.
तो माझ्या दारात उभा राहिला, टोपी हातात,
पाणी नाकावरून निथळतंय.
म्हणाला, शनिवारी ओढायचंय.
मी म्हटलं, बैल आजारी आहे.
आणि मागे गोठ्यात बैल हंबरला.
चांगला खणखणीत.

त्या रात्री रोजची प्रार्थना
क्षमेच्या ओळीपाशी अडली.
घशात मासळीचा काटा अडावा तशी.
एदुविनानं पाठ थोपटली नाही. दिवा मालवला.

शनिवारी मी बैल घेऊन गेलो.
धर्मात्मा म्हणून नाही. झोप आली नव्हती म्हणून.
घर पहारींनी उचललं, आणि जमिनीखाली,
खताच्या पोत्यात गुंडाळलेलं, माझं इंजिन.
विकलं नव्हतं. वापरलं नव्हतं.
दोन हिवाळे तो त्याच्यावर झोपत होता.
सगळे बघत होते. रोसामेल चिखलाकडे.
आणि मागून कुणीतरी ओरडलं: ओढा!

दोराला लागलं की पुढच्याची पाठ तेवढी दिसते.
मागे कोण आहे, कळत नाही.
आधी घर डोंगरासारखं बसून होतं.
मग एकदा दोर माझ्या मुठीत सैल पडला,
मागून कुणी आणखी जोर लावला तसा,
आणि घर निघालं,
खिडकीतला जिरेनियम थरथरत.

मी वळून पाहिलं नाही.
बहुतेक मागे रेमिखियोचा धाकटा होता, तो दांडगा आहे.
पण तू कोण, असं मला आज कुणी विचारलं
तर मी त्या सैल पडलेल्या दोराबद्दल सांगेन,
आणि ती मुलगी वहीत काय लिहील, देव जाणे.

माफ केलं का? अर्धं.
सोमवारी त्यानं इंजिन आणून दिलं. चालत नाही.
कार्बोरेटर खाऱ्या हवेनं खाल्लाय.
आता संध्याकाळी तो येतो, आम्ही दोघं ते खोलून बसतो,
एकमेकांना चुकीचे पाने देतो,
फारसं बोलत नाही.

हात अजून आखूडच आहे.
सायप्रसचा एक चांगला तुकडा पडलाय गोठ्यात,
कोरड्या जागी, हवा तेवढा लांब.
एदुविना विचारते, कधी करणार?
मी किल्ली घेतो आणि देवळाकडे निघतो.