मागाचा खड्डा

इतवारीत आमच्या घरी जमिनीत एक खड्डा होता,
मांडीइतका खोल, शेणानं सारवलेला.
त्यात पाय सोडून बाप विणायचा.
त्या पायांना ऊन कधी लागलं नाही,
म्हणून की काय, बाकीच्या बापापेक्षा ते गोरे राहिले.

सूत तुटलं की गाठ,
गाठ मारता मारता शेजारच्या चैतराम नंदनवाराशी बोलणं,
बोलता बोलता ऊन उंबऱ्याला टेकणं.
मग जेवण.

मग जुम्मा तलावाजवळ चिमणी उभी राहिली.
समुद्रापलीकडून इंजिन आलं.
स्टेशनापासून गिरणीपर्यंत त्याला बैलांनी ओढलं.
बैलांना काय ठाऊक,
आपण कुणाला ओढतो आहोत.

मी तेरा वर्षांचा. हातात तेलाची बुदली.
आमच्या घरावर आणखी दोन घरं रचावीत
एवढं ते चाक,
त्याच्यावरून दोरखंड निघायचे, भिंतीतून वर जायचे,
आणि वर सगळे माग एकदम ओरडायचे.
गाठ मारायलाही कुणी थांबत नसे,
बोलायला तर नाहीच.

बॉयलरवर डोमा गजभिये. वरोऱ्याचा कोळसा, त्याचं फावडं.
मे महिन्यात तो भट्टीसमोरून बाहेर यायचा,
लू अंगावर घ्यायचा आणि म्हणायचा, गार वाटते.
माग खात्यात पगार जास्त. त्यानं एकदा विचारलं.
जॉबर म्हणाला, धोट्याला तोंड लावून दोरा ओढावा लागतो,
तुझं तोंड कसं चालेल?
"मी टाकलेल्या कोयशानं तुमचा धोटा पयते,
तवा नाई बाटत?"
जॉबर वाफेच्या काट्याकडे पाहत राहिला.
काटा जागेवर होता.

माझी मुलगी झाली तेव्हा
सुईणीनं नक्षत्र सांगितलं नाही.
म्हणाली, दुसऱ्या भोंग्याची आहे.

गिरणीचं धोतर चार आणे स्वस्त.
बापाच्या काठाला बोट लावून लोक वाहवा करत,
आणि पुढच्या दुकानात जात.
त्यानं शिव्या दिल्या नाहीत.
फक्त एकदा विचारलं, त्याले पाय असतात का रे?

दसऱ्याला इंजिन बंद असे.
शेंदूर, झेंडू, नारळ. तेव्हा त्याला नेलं.
तो चाकाकडे वर पाहीना,
वाकून खाली पाहू लागला,
जिथं अर्धं चाक जमिनीत उतरलेलं.
"हे बी खड्ड्यातच बसते की."
लोखंडावर हात ठेवला. अजून कोमट होतं.
बराच वेळ ठेवला.

तो गेल्यावर आम्ही खड्डा बुजवला.
माती महाग पडत होती,
गिरणीची राख फुकट मिळे, डोमानं दोन बंड्या पाठवल्या.
वरून सारवलं.
पण राख बसत जाते.
दर पावसाळ्यानंतर तिथली जमीन
चार बोटं खाली गेलेली असते,
आणि आई तिथं पाट मांडत नाही.