दोनशे बैसे

पावतीच्या तळाशी, जिथं शाई फिकी होत जाते,
तिथं एक ओळ असते : कल्याण निधी, दोनशे बैसे.
बैसा म्हणजे आपलाच पैसा.
अरबीत प नाही, म्हणून समुद्र ओलांडताना
त्याचा ब झाला, एवढंच.

मी सोहारच्या बंदरात स्टोअरकीपर. एकोणीस वर्षं.
माझ्या खिडकीतून सहीशिवाय नट जात नाही,
वायसर जात नाही.
मोडलेलं ड्रिल बिट आणून दाखवा, मग नवं न्या.
पोरं पाठीमागं मला चिकट खलफे म्हणतात,
समोर खलफेचाचा.
वर्षअखेर माल आणि वही समोरासमोर उभी करतात
आणि एका बोल्टाचा फरक निघाला
तर त्या रात्री मला जेवण जात नाही.

सुदाम घवाळी मचाणावरून पडला असता तर बरं झालं असतं.
झोपेत गेला.
कंपनी म्हणाली, हा अपघात नव्हे.
ठेकेदाराचा फोन बंद.
सव्वीस दिवस तो इस्पितळाच्या खणात होता.
खणाला नंबर, नंबराची नोंद, नोंदीपुढं सही.
तिथला रजिस्टरवाला आमच्याच धंद्यातला म्हणायचा.

मस्कतच्या वकिलातीत तीन खेपा केल्या.
काउंटरची काच अगदी लख्ख.
पलीकडचा चहा दिसतो, फायली दिसतात,
भिंतीवरची सचोटीची शपथ चौकटीसकट दिसते.
बोलायला मात्र खाली अर्ध्या भाकरीएवढं भोक.
कमरेत वाकल्याशिवाय तोंड तिथवर पोचत नाही.
वाकून विचारलं : निधीतून याचं तिकीट?
"तरतूद आहे. प्रकरण विचाराधीन आहे."

शेवटी कॅम्पात रंगाची रिकामी बादली फिरवली.
पेशावरी सुतारानं दहा रियाल टाकले,
ज्याचं सुदामशी कधी पटलं नाही.
हिशेब मी लिहिला. कोणाचे किती, पेटीला किती,
विमानाला किती. उरले चार रियाल सहाशे बैसे,
ते त्याच्या बायकोला.
कागद मेसच्या दाराला चिकटवला.
जो तो हात पुसत वाचून गेला.
कुणी मागितला नव्हता.

मग माहितीच्या अधिकारात अर्ज केला.
प्रश्न तीनच. किती जमले. किती खर्चले. कोणावर.
फी दहा रुपये.
इथून दहा रुपये कसे भरायचे हे कळायला आठ दिवस गेले,
शेवटी देवरुखहून भाचीनं भरले.

उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आलं, मुदतीत. खोटं कशाला बोलू.
"मागितलेली माहिती मागितलेल्या स्वरूपात ठेवली जात नाही."

दुसऱ्याच आठवड्यात आमच्याकडं ऑडिटर आला.
चाळीस मीटर केबल कुठं गेली, म्हणाला.
मी ते वाक्य तोंडात घोळवून पाहिलं.
छान होतं. गुळगुळीत. कुठंच अडकत नव्हतं.
पण जीभ वळली नाही,
मी उठून त्याला केबल दाखवली,
पंपघराच्या मागं, सहीसकट.

पहिल्या अपिलाला फी नसते.
कॅम्पातून पावत्या गोळा केल्यात, तीनशे बारा.
बासष्ट रियाल चारशे बैसे,
हे फक्त आमच्या पत्र्यांखालचं.
गरम कागदाची छपाई, उन्हानं उडते.
म्हणून रोज रात्री दहा-दहा पावत्या वहीत उतरवतो :
तारीख, नंबर, नाव, रक्कम.

सुदामची त्याच्या बॅगेच्या चोरखिशात सापडली.
डिसेंबरात त्यानं पासपोर्ट नवा केला होता,
दहा वर्षांचा.
नाव कोरं झालंय, नंबर मात्र लागतो.
त्याचीही ओळ लिहिली,
आणि शेवटचा रकाना आखून ठेवलाय सगळ्यांपुढं,
अजून रिकामा :
घेणाऱ्याची सही.