सोळा घरं

त्या टेपरेकॉर्डरचं गिऱ्हाईक परत आलंच नाही.
आत अडकलेली कॅसेट, लेबल पाण्यानं गेलेलं.
जिलानीमामूंनी प्ले दाबलं
आणि तीन दिवस बिघाड शोधला.
बेल्ट बदलला, हेड स्पिरिटनं पुसलं,
तरी तेच सूर, पुन्हा तेच,
गाणारं कुणी येईना.
चौथ्या दुपारी हातातला पंखा तसाच टाकून म्हणाले,
"मशीन ठीक हाय रे. बाजाच असा हाय ह्यो."

लेबलावर एकच शब्द उरला होता, कुठली ते सांगणारा.
चहावाला खिदळला : जगात जर्मनी, भारतात परभणी!
मामू हसले नाहीत. वायर सोलत राहिले.

मग दीड वर्ष
स्टॅबिलायझरच्या रिकाम्या डब्यात
सोळा घरं बसत गेली.
मेलेल्या रेडिओंची सोळा बटणं, एकासारखं दुसरं नाही.
दर घराला एक दिवा, दर घराचा आपला व्होल्ट.
दिवा पळायचा पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत
आणि परत पहिल्यावर,
उरुसातल्या पाळण्यात तोच चेहरा फिरून वर यावा तसा,
पण दर वेळी जरा वेगळा हसणारा.

अकरावं घर कधी बोललंच नाही.
बदलू का, मी विचारलं.
"ऱ्हाऊ दे. एक दात पडला की माणूस लांबून वळखू येतो."

फिल्टरची चकती ते नखानं सरकवायचे.
आवाज आधी गोधडीखालून,
मग शटर वर जाताना
दुकानात शिरतो तसा, पायांपासून.

बँडवाले लोंढे ऐकून गेले. वरातीत चालंल का?
"वरात पुढं जाती, उत्तमराव.
हे जागेवरच चालायलंय."

मे महिन्यात पारा त्रेचाळिसाला टेकला
की सूर घसरायचे.
सकाळी लावलेला सा
दुपारच्या अजानपर्यंत भलत्याच गावाला निघालेला.
कूलर डब्याकडं तोंड करून, आम्ही घामात.
"जिवंत हाय म्हणून ऊन लागायलंय," मामू म्हणायचे,
आणि सोळाही बटणं परत एकेक करून समजावायचे.

आता माझ्या फोनातही हे सगळं वाजतं.
उन्हाळ्यात हलत नाही. अकरावं घरही बोलतं.

मामूंना ऐकू येत नाही, दोन वर्षं झाली.
रविवारी मी डबा लावतो,
ते पत्र्यावर तळवा ठेवून बसतात
आणि एका बोटानं मोजतात,
आठ, नऊ, दहा,
बोट वर, हवेत,
बारा.